वर्क परमिट संपण्याआधी: परदेशात कायम राहण्याचे मार्ग आणि मुंबईतून जमवायची फाइल

वर्क परमिट आलं की घरात पेढे वाटले जातात, कागद फाइलमध्ये जातो आणि बॅगा भरायला सुरुवात होते. तो कागद पुन्हा बाहेर निघतो मुदत संपायला चार-पाच महिने उरल्यावर. तेव्हा कळतं की हे परमिट पीआरकडे, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या हक्काकडे, नेणारं नव्हतंच, किंवा मोजायचे महिने मोजलेच गेले नाहीत, किंवा जन्मदाखल्यावर आपलं नाव नाही आणि वॉर्ड ऑफिस परळला असताना आपण टोरांटोत आहोत. पीआरची तयारी परमिटच्या शेवटच्या वर्षात करायची गोष्ट नाही. ती पहिल्या महिन्यात सुरू करावी लागते, आणि तिचं निम्मं काम मुंबईतच असतं. जाण्याआधीचे दोन महिने त्यासाठी राखून ठेवा.

पहिली पायरी: परमिटचा प्रकार वाचा

सगळी परमिटं एका जातीची नसतात. काहींचे महिने पीआरसाठी धरले जातात, काहींचे नाहीत. मुंबईच्या आयटी कंपन्यांमधून जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. कंपनी ‘डेप्युटेशन’वर पाठवते, पगार काही वेळा भारतातच जमा होतो, भत्ता तिकडे मिळतो, आणि तीन वर्षं राहिलो म्हणजे तीन वर्षं मोजली गेली असं माणूस धरून चालतो.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावरची वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी धरली जातात. कंपनीच्या अंतर्गत बदलीचा ‘ग्लोबल बिझनेस मोबिलिटी’मधला ‘सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर’ व्हिसा असेल, तर ती वर्षं धरली जात नाहीत. ऑफिस तेच, डेस्क तेच, काम तेच, तरी हिशेब शून्य. त्यातून बाहेर पडायचं तर तिथल्या कंपनीकडून किंवा दुसऱ्या मालकाकडून स्किल्ड वर्करची स्पॉन्सरशिप मिळवावी लागते, आणि घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं. त्यामुळे बोलणी पहिल्या सहा महिन्यांतच काढा.

जर्मनीत गाठ वेगळ्या जागी आहे. तिथे कायमच्या परवान्यासाठी जर्मन पेन्शन विम्यात ठरावीक महिने वर्गणी भरलेली लागते. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार भारतीय कंपनीने डेप्युटेशनवर पाठवलेला माणूस भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’, म्हणजे वर्गणी भारतातच भरतो असा दाखला, घेतो आणि तिकडे पेन्शन वर्गणी भरत नाही. पगाराच्या स्लिपवर ते बरं दिसतं, पण पेन्शन खात्यात तेवढे महिने कोरे राहतात. जर्मनीत राहायचा विचार असेल तर जर्मन कंपनीचा स्थानिक करार आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचं परमिट), याच दिशेने जा. आणि मध्येच भारतात परतलात तर भरलेली वर्गणी परत मागण्याची घाई करू नका. परत घेतली की ते महिने हिशेबातून जातात.

तेव्हा परमिटवर किंवा मंजुरीच्या पत्रावर जे नेमकं नाव, कलम किंवा कोड छापला आहे तो वहीत उतरवा आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकच प्रश्न तपासा: या प्रकारातला काळ कायमच्या वास्तव्यासाठी धरतात का? चुलतभाऊ पाच वर्षांपूर्वी कोणत्या मार्गाने गेला याला इथे किंमत नाही. नियम दरवर्षी हलतात.

दुसरी पायरी: आपला रस्ता ठरवा

कॅनडा. मराठी घरांतून सर्वाधिक विचारला जाणारा देश हाच, म्हणून थोडं सविस्तर. कामाचा अनुभव तिथलाच असेल तर एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवरच्या निवडपद्धतीतला ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’, म्हणजे सीईसी, हा सरळ रस्ता आहे. अट अशी: अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत कॅनडात किमान १ वर्षाचा कुशल कामाचा अनुभव, म्हणजे एकूण १,५६० तास. आठवड्याला ३० तास धरून ५२ आठवडे. आठवड्याला ४५ तास राबलात म्हणून वर्ष लवकर पुरं होत नाही, ३० च्या वरचे तास धरत नाहीत. काम ‘टीअर’ (कॅनडा सरकारने ठरवलेली कामाची कौशल्यपातळी) ०, १, २ किंवा ३ या वर्गातलं हवं. विद्यार्थी असताना केलेलं काम आणि स्वतःचा धंदा, दोन्ही सीईसीच्या हिशेबात येत नाहीत. टीअर ० आणि १ साठी इंग्रजी किंवा फ्रेंचचा सीएलबी (कॅनडाची भाषापातळी) ७, तर २ आणि ३ साठी सीएलबी ५ लागतो.

ही झाली पात्रता. निवड मात्र १,२०० पैकी मिळणाऱ्या गुणांवर होते, आणि २०२५ मध्ये सीईसीच्या फेऱ्यांचा कटऑफ ५०० च्या वरच राहिला. नोकरीच्या ऑफरचे जे ५० किंवा २०० गुण पूर्वी मिळत, ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तरीही ‘ऑफर लेटर देतो, दोनशे गुण वाढतील’ असं सांगून पैसे मागणारे अजून भेटतात. सावध राहा.

गुण कुठे वाढतात? वयाचे गुण तुमच्या हातात नाहीत: एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत ११०, पस्तिशीला ७७, चाळिशीला ५० आणि पंचेचाळिशीला शून्य. भाषेचे गुण मात्र हातात आहेत. आयेल्ट्सच्या ‘जनरल ट्रेनिंग’ परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं या तिन्हींत ७ मिळाले की सीएलबी ९ होतो, आणि तिथून पदवी-अनुभवाशी जोडलेले जादा गुणही वाढतात. बहुतेक जण लेखनात ६.५ वर अडकतात आणि एवढ्याने काय होतंय म्हणून सोडून देतात. त्या अर्ध्या बँडसाठी पुन्हा परीक्षेला बसा, तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. निकाल २ वर्षं चालतो, त्यामुळे फार लवकरही देऊ नका.

दुसरा उपाय फ्रेंच. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. मरीन लाइन्सजवळच्या आलियांस फ्रांसेजमध्ये शिकायला सुरुवात करून जाणं शहाणपणाचं. चारही कौशल्यांत ७ वी पातळी गाठायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं लागतील हे धरून चला. तिसरा उपाय प्रांताचं नामांकन: त्याचे ६०० गुण मिळतात, म्हणजे निवड जवळपास नक्की. पण तुम्ही खरोखर त्या प्रांतात राहाल अशी अपेक्षा असते आणि प्रत्येक प्रांताची यादी निराळी. क्वेबेकची व्यवस्था तर पूर्ण वेगळी आहे. मॉन्ट्रियलला नोकरी असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून क्वेबेकचे नियम वाचा.

निवडीचं आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. पुरेसे वाटतात, पण मुंबईहून एक कागद यायला चाळीस दिवस गेले की धाबं दणाणतं. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्ज भरण्याआधीच करून घ्यावी लागते.

जर्मनी. ब्लू कार्डवर असाल तर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, जर्मन भाषा ए१, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची, असली तरी चालते. बी१, म्हणजे मध्यम पातळी, असेल तर २१ महिन्यांतच. ब्लू कार्ड नसलेल्या कुशल कामगारांना ३ वर्षं आणि पेन्शनचे ३६ महिने. जर्मनीतच पदवी किंवा व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना २ वर्षं आणि २४ महिने. या दोघांनाही बी१ लागते. भाषेचा पाया काळा घोड्याजवळच्या मॅक्स म्यूलर भवनात घालून जा. तिकडे गेल्यावर ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं, संध्याकाळी थकवा येतो, आणि ए२ नंतर बहुतेकांची गाडी थांबते. सोबत ‘लेबन इन डॉइचलांड’ ही ३३ प्रश्नांची चाचणी देऊन टाका. त्यात १७ उत्तरं बरोबर आली की पुढे नागरिकत्वालाही तोच निकाल चालतो.

अर्ज शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात करायचा. मोठ्या शहरांत वेळ मिळायलाच महिने लागतात, त्यामुळे पात्र होण्याच्या तीन-चार महिने आधीच तारखेच्या मागे लागा. पेन्शन विम्याचा उतारा, घरभाड्याचा करार, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विम्याचा दाखला, मालकाचं ताजं पत्र आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा अशी फाइल लागते. पेन्शनचा उतारा वर्षातून एकदा मागवून एखादा महिना सुटलेला नाही ना ते बघत जा. नोकरी बदलताना मधला महिना हमखास कोरा सापडतो.

अमेरिका. इथे मन घट्ट करून वाचा. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरीचा व्हिसा, जास्तीत जास्त ६ वर्षं चालतो. कंपनीच्या अंतर्गत बदलीचा एल-१ए ७ वर्षं, एल-१बी ५. ग्रीन कार्डसाठी मालकाने आधी श्रम प्रमाणपत्र, म्हणजे ‘पर्म’, आणि मग आय-१४०, म्हणजे तुमच्यासाठी ग्रीन कार्ड मागणारा, अर्ज करायचा असतो. पर्म दाखल होतो तो दिवस तुमचा रांगेतला क्रमांक ठरवतो. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातले साधारण ७ टक्के व्हिसे, या मर्यादेमुळे भारतीयांची रांग प्रचंड आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात भारतासाठी एप्रिल २०१३ ची तारीख चालू होती. तरी पर्म लवकर करून घ्या, कारण आय-१४० मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले की मालकाने तो मागे घेतला तरी त्याची मंजुरी टिकते आणि तिच्यावर एच-१बी वाढवता येतो. त्यामुळे नोकरी बदलण्याचं पत्र देण्याआधी कॅलेंडर पाहा.

एक बारकावा मुंबईकरांच्या फार उपयोगाचा आहे. रांग पासपोर्टवर ठरत नाही, जन्मस्थळावर ठरते. वडील आखातात नोकरीला असताना मस्कतला किंवा कुवेतला जन्म झाला असेल तर तुम्ही भारताच्या रांगेत नाही. आणि तुमचा जन्म दादरचा पण बायकोचा किंवा नवऱ्याचा बाहेरचा असेल, तरी जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरता येते. वकिलाशी पहिल्या भेटीतच हे सांगा. मुलं सोबत असतील तर २१ वर्षांची होण्याआधी काय होईल याचाही हिशेब त्याच दिवशी करा.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करला ५ वर्षांनी कायमचं वास्तव्य, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही मुदत साधारणपणे १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून अर्ज करायच्या दिवशी लागू असलेला नियम सरकारी संकेतस्थळावरच बघा. कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त काळ देशाबाहेर राहायचं नाही, ही अट मात्र मनात कोरून ठेवा. हे १२ महिने जानेवारी ते डिसेंबर नसतात, कुठूनही मोजले जातात. जाण्याचा आणि येण्याचा दिवस मोजत नाहीत. प्रत्येक प्रवासाच्या तारखा एका तक्त्यात लिहीत जा. पाच वर्षांनी जुन्या तिकिटांवरून हा हिशेब लावणं फार जड जातं. ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेत २४ पैकी १८ उत्तरं बरोबर लागतात.

ऑस्ट्रेलियात ४८२ या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर मालकाकडे २ वर्षं काम झालं की १८६ या कायमच्या व्हिसासाठी मालक नामांकन करू शकतो. वय साधारणपणे ४५ च्या आत हवं. मालक तयार नसेल तर गुणांवर आधारित १८९ आणि १९०, किंवा छोट्या शहरांसाठीचा ४९१. किमान ६५ गुण लागतात, प्रत्यक्षात जास्त. जपानमध्ये सर्वसाधारण नियम १० वर्षांचा, पण उच्च कौशल्याच्या गुणतक्त्यात ७० गुण असतील तर ३ वर्षं आणि ८० असतील तर १ वर्ष. तिथे कर आणि पेन्शनचे हप्ते उशिरा भरलेले असले तरी अर्ज अडतो, नुसतं ‘भरलेत’ पुरत नाही. आखातात नोकरीच्या वर्षांवरून आपोआप कायमचं वास्तव्य मिळत नाही. त्या भागात नोकरी करणाऱ्यांनी बचतीचा आणि परतीचा आराखडाच आधी करावा.

तिसरी पायरी: मुंबईतली फाइल

जन्मदाखला. महापालिकेचा दाखला जिथे तुम्ही राहता त्या वॉर्डात मिळत नाही, जिथे जन्म झाला त्या वॉर्डात मिळतो. केईएममध्ये जन्म झाला तर नोंद एफ साउथला, मग तुम्ही आयुष्यभर डोंबिवलीत राहिलेले का असेना. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजामुळे अनेक मुंबईकरांची नोंद मुळात चिपळूण, कराड किंवा एखाद्या ग्रामपंचायतीच्या वहीत असते. आईला विचारा, दवाखान्याचं नाव लिहून घ्या.

दाखला हातात आला की तीन गोष्टी बघा. बाळाचं नाव आहे का? जुन्या दाखल्यांवर ती जागा रिकामीच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि पुढे कोणी नाव घालायला गेलंच नाही. आईचं नाव सासरचं आहे की माहेरचं? आणि तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळते का? शाळेत घालताना जूनच्या हिशेबाने तारीख पुढे-मागे केलेली असते, हे घरोघरी घडलेलं आहे. नाव घालून घेण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि अर्ज लागतो. खूप जुन्या नोंदीत नाव घालण्यावर मुदतीचं बंधन आहे, ते वॉर्डातल्या आरोग्य खात्यात विचारून घ्या. नोंदच सापडली नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मागा. अमेरिकेच्या ग्रीन कार्डसाठी हा कागद आणि सोबत शाळेचा दाखला व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही.

दाखला फक्त मराठीत असेल तर मराठी-इंग्रजी संगणकीय प्रत काढा. भाषांतर करायची वेळ आली तर कॅनडासाठी ते तुम्ही स्वतः किंवा घरच्यांनी करून चालत नाही, मावशी इंग्रजीची प्राध्यापक असली तरी.

लग्नाचा दाखला. हॉलची पावती आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. वॉर्ड ऑफिसात विवाह नोंदणी करून प्रमाणपत्र घ्या. लग्नपत्रिका, विधीचा फोटो, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार मिळतात तोवर, म्हणजे जाण्याआधी उरका.

पोलीस क्लिअरन्स म्हणजे पीसीसी. भारतात असताना पासपोर्ट सेवा केंद्रातून, शुल्क ५०० रुपये, स्वतः हजर राहून. परदेशात असताना तिथल्या भारतीय दूतावासामार्फत. वडील तुमच्या वतीने लोअर परळच्या केंद्रात जाऊन आणू शकत नाहीत. कॅनडाला गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. मध्ये दोन वर्षं दोहा किंवा दुबईत काम केलं असेल तर तिथला दाखला तो देश सोडतानाच घ्या. नंतर बोटांचे ठसे पाठवत बसणं जिकिरीचं होतं.

शिक्षण. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, काम कलिनाच्या परीक्षा भवनातून होतं. अडतं कुठे? पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकांपाशी. त्या परीक्षा पूर्वी कॉलेज घ्यायचं, गुणपत्रिका कॉलेजची, आणि वीस वर्षांत ती हरवलेली. एटीकेटी लागली असेल तर त्या प्रयत्नाचीही गुणपत्रिका लागते. कॉलेजच्या ऑफिसात दुय्यम प्रतीचा अर्ज करून सगळ्या सत्रांचा संच आधी पुरा करा, मगच कलिनाला जा. कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन ५ वर्षं चालतं. सीईसीला ते सक्तीचं नाही, पण त्याशिवाय भारतीय पदवीचे गुण मिळत नाहीत.

अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मागणाऱ्या देशांसाठी आधी राज्य सरकारची साक्षांकनाची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. बाकी जे घेतात ती एजन्सीची मजुरी. कागद लॅमिनेट केलेला असेल तर शिक्का बसत नाही, तेव्हा आजोबांनी प्रेमाने प्लॅस्टिकमध्ये घातलेला दाखला बाजूला ठेवून नवी प्रत काढा.

नावाचा गुंता

याला वेगळी जागा द्यायलाच हवी, कारण मराठी नावांच्या रचनेमुळे सर्वाधिक फाइली इथे अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. पदवीवर कधी फक्त आद्याक्षर. त्यात ‘सावंत’ एका कागदावर डब्ल्यूने, दुसऱ्यावर व्हीने. आपल्या डोळ्याला ते एकच माणूस दिसतं, तिकडच्या अधिकाऱ्याला दोन.

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला कागदपत्रांची नावं, उजवीकडे प्रत्येकावर छापलेलं तुमचं नाव अक्षर न अक्षर उतरवा. पासपोर्ट हा पाया धरा. स्पेलिंगचा किरकोळ फरक ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ अशा नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्राने बहुधा भागतो. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र दुवा म्हणून पुरतं. पण लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावच बदललं आणि पुढे बँकेत, आधारवर तेच लावलं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याला वेळ जातो. सुनेच्या फाइलमध्ये हे आधी तपासा, कारण नवऱ्याचा अर्ज तयार असतो आणि तिच्या नावापायी दोघांचाही थांबतो.

अनुभवपत्र

मुंबईतल्या बहुतेक कंपन्या सोडताना जे पत्र देतात त्यात हुद्दा, दोन तारखा आणि शुभेच्छा असतात. कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला ते पुरत नाही. लेटरहेडवर हुद्दा, प्रत्यक्ष कामाची यादी, आठवड्याचे तास, पगार, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, सही करणाऱ्याचं नाव व संपर्क एवढं हवं. कामाची यादी अर्जात धरलेल्या त्या देशाच्या व्यवसाय कोडशी जुळायला हवी, मात्र सरकारी संकेतस्थळावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. अधिकाऱ्याच्या ती लगेच लक्षात येतात. एचआर असं पत्र देत नसेल तर जुन्या साहेबांकडून सही केलेलं पत्र, सोबत नियुक्तीपत्र, फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, पीएफ पासबुक आणि एचआरने नकार दिल्याचा मेल जोडा. छोट्या कंपन्या बंद पडतात, साहेब निवृत्त होतात. नोकरी सोडतानाच हे पत्र घ्या.

मुदत जवळ आली की

पासपोर्टची मुदत आधी बघा. कॅनडात परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. तीन वर्षांचा हक्क असलेल्याला दीड वर्षाचं परमिट मिळतं ते यामुळेच. वर्षभर शिल्लक असतानाच नूतनीकरण करा.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या आत गेला पाहिजे, एक दिवसही उशीर नको. कॅनडात अर्ज वेळेत गेला तर निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. त्या काळात गणपतीला म्हणून मुंबईला फेरी मारली तर परतल्यावर काम करण्याचा हक्क अडचणीत येतो. पीआरचा अर्ज आत गेलेला असेल तर मधल्या काळासाठी ‘ब्रिजिंग’ वर्क परमिटची सोय आहे. मुदत उलटूनच गेली तर ९० दिवसांत दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, पण तोवर काम बंद. जर्मनीत वेळेत अर्ज केला की तात्पुरता दाखला मिळतो आणि जुने हक्क चालू राहतात. त्यावर प्रवास करता येईल का, हे दाखल्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे त्यावर ठरतं. अमेरिकेत एच-१बीची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात.

एजंटकडे जाण्याआधी

‘पीआरची शंभर टक्के हमी’ कोणीही देऊ शकत नाही. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर कॅनडासाठी तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा (नावात ‘कॉलेज’ असलं तरी ते शिक्षणाचं नव्हे) परवानाधारक किंवा वकील, ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट हवा. परवाना क्रमांक मागा आणि सरकारी यादीत स्वतः तपासा. भारत सरकारच्या ई-मायग्रेटवर नोंदलेला एजंट म्हणजे नोकरीला पाठवण्याची परवानगी असलेला. पीआरचा सल्लागार नव्हे. या दोन पाट्यांची सरमिसळ मुद्दाम केली जाते.

अर्जाचं खातं तुमच्या मेलवर, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. सही करण्याआधी भरलेला प्रत्येक फॉर्म वाचा. एजंटने खोटं अनुभवपत्र घातलं तरी खोटं तुमच्या नावावर चढतं. कॅनडात त्याची शिक्षा ५ वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये १० पर्यंत, अमेरिकेत कायमची होऊ शकते. जुना नाकारलेला व्हिसा लपवणं हेही यातच मोडतं.

पीआर आल्यावर

कार्ड मिळालं तरी दिवस मोजणं संपत नाही. कॅनडात ५ वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष राहिलेलं दिसावं लागतं. जर्मनीचा कायमचा परवाना ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो. ब्रिटनमध्ये मर्यादा सलग २ वर्षांची. अमेरिकेत वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो. घरी आई-बाबा एकटे असतील, एखादं ऑपरेशन, मग पुढची शुश्रूषा असं होऊन सहा महिने कधी उलटतात कळत नाही. विमानात बसण्याआधी परतीची शेवटची तारीख लिहून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेवा.

पीआर घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, पासपोर्ट तोच राहतो. परदेशी नागरिकत्व घेतलं की मात्र जातं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पासपोर्ट जमा करावा लागतो, मग भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड घेता येतं. बँकेतलं साधं बचत खातं अनिवासी झाल्यावर एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या खात्यात, बदलून घ्या. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतो, नवा उघडता येत नाही. आणि गावाकडच्या जमिनीबद्दल: अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. कोकणातल्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची राहिली असतील तर जाण्याआधीच तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.